नाही म्हणण्याचे अठरा महिने

तुळजाबाई शिनगारे यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता: "सर, यादीत नाव घालायचं तर भेटायचं कुणाला?"

"कुणालाच नाही," मी म्हणालो. "यादीच नाही. या गल्लीत राहणाऱ्या प्रत्येकाला पैसे मिळणार."

त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. माणूस वेडा आहे की लबाड, एवढंच ठरवायचं बाकी होतं.

खरं तर माझाही त्या योजनेवर फार विश्वास नव्हता. मी एकतीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर घरी बसून वर्तमानपत्रातले चुकीचे आकडे शोधायचो आणि ते मोठ्याने वाचून दाखवायचो. त्यामुळे माझी जुनी विद्यार्थिनी शेफाली हिचा फोन आला तेव्हा माझ्या बायकोनेच परस्पर होकार देऊन टाकला. शेफाली ज्या संस्थेत होती तिला एक प्रयोग करायचा होता. बिबवेवाडीतली एक गल्ली घ्यायची. तिथल्या अठरा वर्षांवरच्या प्रत्येक माणसाला दर महिन्याला दोन हजार रुपये द्यायचे, तेही अठरा महिने. गरीब असो की श्रीमंत, काम करो की लोळत पडो, कुठलीही अट नाही. रस्त्यापलीकडच्या तशाच दुसऱ्या गल्लीला मात्र काहीच द्यायचं नाही, म्हणजे दोन्हींची तुलना करता येईल. सगळ्यांना असं ठरावीक उत्पन्न देणं प्रत्यक्षात जमतं का आणि दिल्यावर माणसं काय करतात, एवढं पाहायचं होतं. माझं काम घरोघर फिरून माहिती गोळा करायचं.

माणसं काय करतात ते मला माहीत आहे, असं माझं मत होतं. फुकट मिळालं की माणूस हातपाय हलवायचं सोडतो, हे आमच्या घरात आम्ही जेवणाबरोबर ऐकत मोठे झालो. माझ्या स्वतःच्या खात्यात दर महिन्याला पेन्शन येते आणि तरी मी सकाळी नऊला या गल्लीत उन्हातान्हात हिंडतोय, ही गोष्ट माझ्या डोक्यात यायला बरेच महिने लागले.

तुळजाबाई तेव्हा एक्कावन्न वर्षांच्या होत्या. कळंब तालुक्यातल्या एका खेड्यातून चौदा वर्षांपूर्वी त्या आणि त्यांचे यजमान रंगराव पुण्याला आले. रंगराव एका सोसायटीत वॉचमन. तुळजाबाई आप्पासाहेबांच्या केटरिंगच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटायच्या. आप्पासाहेब हे मूळ बिबवेवाडीचेच. वडिलांच्या वेळी शेती होती, तिथे आता इमारती आहेत. गल्लीच्या तोंडाशी त्यांचा दुमजली बंगला, बंगल्यामागे स्वयंपाकघराची पत्र्याची शेड आणि गल्लीतल्या निम्म्या भाड्याच्या खोल्याही त्यांच्याच. म्हणजे तुळजाबाईंचा मालक आणि घरमालक एकच माणूस होता.

पहिली सभा गणपती मंडळाच्या शेडमध्ये झाली. शेफालीने छान समजावून सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कुणीच विश्वास ठेवला नाही. रंगराव मागून म्हणाले, "आधी पैसे देतील, मग एक दिवस किडनी मागतील." बरेच जण हसले, काही जणांनी मात्र गंभीरपणे मान हलवली.

मग एकाने विचारलं, "प्रत्येकाला म्हणजे आप्पासाहेबांनापण?"

"हो, त्यांनाही," शेफाली म्हणाली.

एकदम गलका झाला. बंगलेवाल्याला कशाला? त्याच्या दारात दोन गाड्या आहेत. दुसरा म्हणाला, आणि पोपटला? पोपट हा गल्लीच्या कोपऱ्यावर कुलपं दुरुस्त करून किल्ल्या बनवून देणारा माणूस. सकाळी अकरापर्यंत शुद्धीत असायचा. त्याला पैसे देणं म्हणजे थेट दारूच्या दुकानात भरणं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. लोकांचं म्हणणं असं पडलं, की या दोघांना वगळा आणि त्यांचे पैसे आमच्यात वाटा.

तेव्हा तुळजाबाई उभ्या राहिल्या. हाताला कणीक तशीच होती. कामावरून थेट आल्या होत्या.

"मी एक सांगते," त्या म्हणाल्या. "आमच्या गावात घरकुलाची यादी झाली तवा माझं नाव होतं. साहेब बघायला आला. त्या दिवशी माझ्या दिराचा मेव्हणा आला होता पाव्हणा म्हणून, त्याची फटफटी माझ्या दारात उभी. साहेबानं फटफटी बघितली अन् नाव खोडलं. मी म्हणलं, साहेब, आमची न्हाई ती. तो म्हणला, सगळे असंच म्हणतात. दुसऱ्याच्या फटफटीपायी माझं घर गेलं."

त्यांनी हाताची कणीक पदराला पुसली.

"आप्पांला वगळायचं म्हणजे कुणीतरी बघायला येणार. कुणाकडं काय हाय, कोण पितं, कोण न्हाई. एकदा बघायला माणूस आला की तो निस्ता आप्पांच्याच दारात बघंल व्हय? तो माझ्याबी दारात बघणार. मग त्याला चहा पाजा, त्याच्या हातापाया पडा. त्यापरीस घेऊ द्या आप्पांला दोन हजार. त्यांचे त्यांला, पोपटचे पोपटला."

मी कॉलेजात असताना गरिबांची यादी करताना होणाऱ्या चुकांवर दोन तास शिकवायचो. योग्य माणूस सुटतो, अयोग्य माणूस शिरतो, त्याची सूत्रं फळ्यावर मांडायचो. त्या फटफटीइतकं स्पष्ट उदाहरण मला एकतीस वर्षांत सुचलं नाही.

गल्लीत दोनशे चौदा माणसं निघाली आणि दोनशे चौदा जणांना पैसे द्यायचे ठरले.

ठरणं सोपं होतं. पैसे माणसाच्या हातात पडणं ही वेगळी गोष्ट असते, हे पहिल्याच महिन्यात कळलं. सगळ्यांची खाती होती, पण खात्यातून पैसे काढायला बायका जात ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात. तिथे बोट ठेवायचं छोटं यंत्र होतं. बोट ठेवलं, ठसा जुळला की दुकानदार पैसे देणार. तुळजाबाईंनी उजवा अंगठा ठेवला. लाल दिवा. डावा ठेवला. लाल दिवा. दहाही बोटं झाली. दुकानदार म्हणाला, "मावशी, हात धुऊन या." त्या हात धुऊन आल्या. पुन्हा लाल.

वर्षानुवर्षं तापल्या तव्यावर पोळी उलटताना बोटांच्या रेषा झिजून गेल्या होत्या. मी त्यांचा अंगठा भिंगाखाली पाहिला. काचेसारखा गुळगुळीत होता. गल्लीत अशा सतरा बायका निघाल्या. कुणी पोळ्या लाटणाऱ्या, कुणी धुणंभांडी करणाऱ्या. सगळ्यांत जास्त काम करणाऱ्या बायकांनाच ते यंत्र ओळखत नव्हतं.

शेफालीने व्यावहारिक तोडगा काढला. "मावशी, सध्यापुरतं आपण काकांच्या अकाउंटला ट्रान्सफर करू. सोपं पडेल."

"नको," तुळजाबाई म्हणाल्या. "त्यांच्या खात्यात आले की ते त्यांचे झाले. आमचे चांगले हायेत, पण मागायचं कशाला? मागून घ्यायचं तर मग ते माझं कसलं?"

रंगराव शेजारीच बसले होते. त्यांनी डोकं खाजवलं. शेवटी म्हणाले, "बरोबर हाय ती म्हणती ते."

मग दुसरा मार्ग राहिला बँकेचा. तिथे स्लिप भरून, सही करून पैसे मिळतात. पण तुळजाबाईंना सही येत नव्हती. खातं अंगठ्यावरच उघडलेलं. त्या मला म्हणाल्या, "अंगठा गेला तर गेला. सही शिकवा."

दुपारी तीन ते चार स्वयंपाकघरात जरा उसंत असे. मी पाटी घेऊन गेलो, पण पाटीवर त्यांचा हात अवघडायचा. त्यांनी परातीत कोरडं पीठ पसरलं आणि त्यात बोटाने गिरवायला सुरुवात केली. 'तु' लवकर आला. 'ळ' ने छळलं. त्याचे दोन गोल कधी एकमेकांत शिरायचे, कधी एकमेकांशी भांडून दूर जायचे. आठवडाभराने 'जा' जुळला. बाकीच्या बायका सुरुवातीला हसत होत्या. मग एकेक परात पुढे सरकली आणि गल्लीतल्या धुणंभांडी करणाऱ्या बायकाही त्या वेळेला येऊन बसू लागल्या. मला आयुष्यात इतके मन लावून शिकणारे विद्यार्थी मिळाले नव्हते, आणि वर्गात इतकं उकडतही नव्हतं.

तीन आठवड्यांनी आम्ही बँकेत गेलो. तुळजाबाईंनी तीन नमुना सह्या केल्या. काउंटरवरच्या गृहस्थांनी त्या चष्मा वर करून पाहिल्या आणि म्हणाले, "बाई, सही म्हणजे रांगोळी नव्हे. रोज नवीन नक्षी चालत नाही. तिन्ही सारख्या हव्यात."

मला राग आला. तुळजाबाईंना आला नाही. "खरं हाय," म्हणाल्या आणि तिथेच बाकावर बसून जुन्या पावतीच्या मागच्या बाजूला दीड तास सह्या करत राहिल्या. जेवणाची सुट्टी संपल्यावर पुन्हा काउंटरवर गेल्या. त्या गृहस्थांनी तीन सह्या पाहिल्या, एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. एवढंच नाही, पुढच्या आठवड्यात बाकीच्या सोळा जणी आल्या तेव्हा त्यांनी त्यांच्यासाठी एक टेबल वेगळं मोकळं करून दिलं. बोलणं मात्र तसंच राहिलं.

पहिले पाच महिने मी वहीत जे टिपलं त्यात धक्कादायक असं काही नव्हतं. लोकांनी दात काढून घेतले, गॅसची शेगडी बदलली, मुलीच्या परीक्षेची फी भरली. कुणी काम सोडलं नाही. मी नीट शोधलं होतं. सापडलं असतं तर मला आनंदच झाला असता. पोपटने पहिल्या तीन महिन्यांत जवळपास सगळे पैसे दारूत घालवले. चौथ्या महिन्यात त्याने चष्मा केला. दृष्टी अधू झाल्यामुळे त्याने घासलेल्या किल्ल्या बसत नसत, ही गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती. लोक दारूला दोष देत होते. दारू सुटली नाही, पण किल्ल्या बसायला लागल्या.

तुळजाबाई मात्र एक रुपयाही काढत नव्हत्या. मी विचारलं, कशासाठी ठेवताय? म्हणाल्या, "असू द्या. हायेत एवढं बास."

एप्रिल उजाडला आणि लग्नसराई सुरू झाली.

आप्पासाहेबांच्या शेडमध्ये तेव्हा नऊ बायका पोळ्या लाटत. पत्र्याचं छत, चार मोठ्या भट्ट्या, धूर जायला एक लहानशी खिडकी. मोठं लग्न असलं की पहाटे चारला बोलावणं यायचं आणि दुपारी तीनपर्यंत उभं राहायचं. दिवसाचा रोज तेवढाच. एक दिवस आलं नाही तर त्या दिवसाचा रोज गेला. दोन दिवस आलं नाही तर जागा गेली. एका सकाळी उष्म्याने चक्कर येऊन तुळजाबाईंचा हात तव्यावर पडला. मनगटापासून कोपरापर्यंत भाजलं.

याआधीही त्या दोनदा भाजल्या होत्या. दोन्ही वेळा हळद लावून दुसऱ्या दिवशी कामावर आल्या होत्या. या वेळी त्या दवाखान्यात गेल्या, डॉक्टरांनी दहा दिवस विश्रांती सांगितली आणि त्या दहा दिवस घरी राहिल्या. मी भेटायला गेलो तर चटईवर बसून भाजी निवडत होत्या, डाव्या हाताने.

"चौदा वर्षांत पहिल्यांदा दुपारचं ऊन दारातून बघतीय," म्हणाल्या. "सर, आधी मला वाटायचं, मी कामाला जाते कारण मला काम आवडतं. आवडतंच. पण पहाटे चारला जाते ती आवडतं म्हणून न्हाई. भ्या वाटतं म्हणून जाते. आता जरा भ्या कमी झालंय."

अकराव्या दिवशी त्या आप्पासाहेबांकडे गेल्या. मी तिथे नव्हतो, पण झालेलं बोलणं मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलं आणि दोन्ही हकिगती तंतोतंत जुळल्या.

"आप्पा, मी येते कामाला," त्या म्हणाल्या. "पण तीन गोष्टी पाहिजेत. शेडमध्ये धूर ओढणारा पंखा. आठवड्याला एक भरपगारी सुट्टी. अन् पहाटे चारला बोलवायचं असलं तर त्याचा वेगळा रोज, अन् ज्या बाईला जमंल तिलाच."

आप्पासाहेब हसले. मग चिडले. "हे त्या संस्थेवाल्यांनी डोक्यात भरलंय. फुकटचा पैसा घरात आला की माणसाला माज येतो, हाय का न्हाई?"

"तुमच्याबी घरात येतोच की, आप्पा. तेवढाच येतो."

"दुसऱ्या बायका मिळत्यात मला छप्पन."

"मिळतील," त्या म्हणाल्या आणि घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या आठजणींपैकी एकही कामावर गेली नाही. तुळजाबाईंनी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. पण परातीतल्या पिठात एकत्र अक्षरं गिरवलेल्या बायका होत्या त्या, आणि सहा जणींच्या खात्यात पैसे होते.

हिशोब इथेच अडला. सहाजणींच्या, कारण नऊपैकी तिघी रस्त्यापलीकडच्या गल्लीत राहत होत्या, ज्या गल्लीला आम्ही मुद्दाम काहीच देत नव्हतो. त्या तिघींना घरी बसणं परवडणारं नव्हतं. आप्पासाहेबांना हे बरोबर ठाऊक होतं. त्यांनी आधी त्या तिघींनाच निरोप पाठवला.

त्या संध्याकाळी तुळजाबाईंनी पाचजणींना आपल्या खोलीवर बोलावलं. प्रत्येकीने पाचशे रुपये काढायचे, म्हणजे त्या तिघींना हजार हजार देता येतील. कुणी कां कूं केलं का, असं मी नंतर विचारलं. "एकीनं केलं," त्या म्हणाल्या. "तिला म्हणलं, उद्या त्या गेल्या तर परवा तूबी जाशील. तिला पटलं."

शेफालीला हे कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "सर, कंट्रोल ग्रुप गेला आपला! त्या गल्लीत पैसे पोचले तर कंपॅरिझन कशाची करायची?" संख्याशास्त्राच्या दृष्टीने तिचं शंभर टक्के बरोबर होतं. मी तिला म्हणालो, वहीत लिहून ठेव. जे झालं ते जसंच्या तसं लिही. ज्या पैशाला आम्ही रस्त्याच्या अलीकडे थांबवलं होतं, तो बायकांनी आपल्या हाताने पलीकडे नेला. एकतीस वर्षं माहितीत भेसळ होऊ नये म्हणून मी विद्यार्थ्यांना रागावत आलो. या भेसळीसाठी मला कुणालाच रागावता येईना.

आप्पासाहेबांनी छप्पन बायका शोधल्या नाहीत. त्यांनी पोळ्यांचं यंत्र आणलं. इकडून कणकेचा गोळा टाकायचा, तिकडून पोळी बाहेर. गल्लीतली पोरं बघायला जमली. तुळजाबाईसुद्धा जाऊन पाहून आल्या. "गोल चांगल्या होतात," एवढंच म्हणाल्या.

त्या रविवारी सहकारनगरमधल्या एका घरी मुंजीचं जेवण होतं. पंगत बसली, पोळ्या वाढल्या. थोड्या वेळाने यजमानीणबाई आत आल्या आणि आप्पासाहेबांना अत्यंत शांतपणे म्हणाल्या, "पापड उत्तम झालेत. पोळ्या कधी येणार आहेत?"

हे वाक्य आप्पासाहेबांनी मला स्वतः सांगितलं. सांगताना ते हसत होते, पण तेव्हा हसले नव्हते. पुढच्या पंधरा दिवसांत त्यांच्याकडे चार मोठी लग्नं होती.

बायकांनी काम थांबवल्यापासून अकराव्या दिवशी ते तुळजाबाईंच्या खोलीवर आले. खोली त्यांचीच, पण बांधल्यापासून आत कधी बसले नव्हते. रंगरावांनी खुर्ची दिली. तुळजाबाईंनी चहा केला. मी तेव्हा महिन्याच्या माहितीसाठी तिथे होतो, उठायला लागलो तर आप्पासाहेब म्हणाले, "बसा सर. तुम्हीच लावलंय हे सगळं."

"मी काही केलं नाही," मी म्हणालो. खरंच होतं ते.

"पंखा बसवतो," आप्पासाहेब चहा संपवून म्हणाले. "सुट्टी देतो, पण सगळ्यांला एकाच वारी न्हाई. पहाटेचं बघू."

"बघू न्हाई, आप्पा," तुळजाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मी तुमच्याकडं चौदा वर्षं हाय. कवा एक पोळी करपली म्हणून तुमची तक्रार आली का? मग पहाटेचंबी आत्ताच सांगा."

आप्पासाहेबांनी रिकामा कप खाली ठेवला. "दीडपट देतो," शेवटी म्हणाले. उठताना त्यांची नजर तुळजाबाईंच्या हातावरच्या भाजल्याच्या डागाकडे गेली. "एवढं लागलं होतं? मला कुणी सांगितलं न्हाई."

"तुम्ही विचारलं न्हाई," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, आणि आप्पासाहेबांनीही तो तसा घेतला नाही. पंखा त्याच आठवड्यात बसला.

इथे ही गोष्ट संपवली तर ती फार गोड होईल आणि खोटी होईल. कारण दिवाळीनंतर आप्पासाहेबांनी आपल्या सगळ्या खोल्यांचं भाडं दरमहा पाचशेने वाढवलं. त्यात बेकायदा काही नव्हतं आणि दुष्टपणाही नसावा. गल्लीत पैसे आलेत हे त्यांना माहीत होतं, कारण ते त्यांनाही मिळत होते. तुळजाबाई बोलायला गेल्या, पण या वेळी त्यांच्या हातात काही नव्हतं. पोळ्या लाटणार नाही, असं म्हणता येत होतं. खोलीत राहणार नाही, असं म्हणता येत नव्हतं; पुण्यात त्या भाड्यात दुसरी खोली कुठे मिळणार? त्यांनी वाढीव भाडं भरलं.

अठरा महिने संपले. संस्थेने शहरातल्या एका सभागृहात कार्यक्रम ठेवला. अर्थतज्ज्ञ, अधिकारी, देणगीदार आले होते. शेफालीने मोठ्या पडद्यावर आलेख दाखवले. तुळजाबाईंनाही बोलावलं होतं. मी त्यांना स्वारगेटला भेटलो आणि आम्ही रिक्षाने गेलो. वाटेत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. घाबरल्यात असं मला वाटलं. प्रत्यक्षात त्या पाठ करत होत्या.

त्यांना विचारण्यात आलं, की तुमचा अनुभव सांगा. सगळ्यांना वाटलं, आभार मानतील.

"पैसे चांगले होते," त्या म्हणाल्या. "पण आधी एक लिहून घ्या. दोन हजारातले पाचशे आमच्या भाड्यात गेले. ज्याची खोली हाय त्याला गेले. तुम्ही सगळ्या देशाला द्यायला लागला तर सगळ्या देशाचे घरमालक भाडं वाढवतील. त्याचं काहीतरी बघा, न्हाईतर तुम्ही आमच्या नावानं त्यांलाच देताय." मग पुढे म्हणाल्या, "अन् बोटाच्या यंत्रावर इसंबू नका. कामाच्या बाईच्या बोटाला रेघा ऱ्हात न्हाईत."

शेफालीच्या अहवालात भाड्याची गोष्ट होती, पण चौतिसाव्या पानावर, बारीक अक्षरात. मी तिच्याकडे पाहिलं. ती वहीत भराभर लिहीत होती.

एक ज्येष्ठ अर्थतज्ज्ञ उठले. सभ्य गृहस्थ होते. म्हणाले, "एवढ्या मोठ्या देशात एवढा पैसा आणायचा कुठून हा प्रश्न आहेच. पण बाई, मला सांगा, तुमच्या मते या पैशाने नेमकं काय झालं? थोडक्यात."

तुळजाबाईंनी विचार केला.

"पैसा कुठून आणायचा ते मला सांगता यायचं न्हाई, ते तुमचं काम हाय. माझं सांगते. मी आयुष्यात सगळ्यांला हो म्हणत आले. मालकाला, मुकादमाला, यादीवाल्याला. मला कवा वाटलं न्हाई की मला न्हाई म्हणायचंय, कारण म्हणायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. हे अठरा महिने मी न्हाई म्हणून बघितलं. एकदा दवाखान्यात गेले म्हणून, एकदा आप्पांला. जग बुडालं न्हाई. अन् काम तर मी एक दिवस सोडलं न्हाई, ते दहा दिवस अन् ते अकरा दिवस सोडून." सभागृहात कुणीतरी हसलं. त्याही हसल्या आणि खाली बसल्या.



ही योजना देशभर चालेल का, याचं उत्तर माझ्याकडे अजूनही नाही. एका गल्लीवरून देशाचा निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याला मी नापास केलं असतं. पैसे बंद झाल्यावर काय उरलं, तेवढं मी पाहिलं आहे, कारण संस्थेचं काम संपलं तरी माझं त्या गल्लीत जाणं संपलं नाही. नऊपैकी दोघीजणी पुन्हा पहाटे चारला जायला लागल्या. त्यांना पैशाची ओढ आहे आणि दीडपट रोज मिळतो. वाढलेलं भाडं कमी झालं नाही. पोपटचं पिणं पूर्वीसारखंच आहे आणि कुलपं तो मन लावून दुरुस्त करतो. पंखा चालू आहे. आठवड्याची सुट्टी कुणी काढून घेतलेली नाही, घेऊ शकेल असं मला वाटत नाही. सतराजणी अजून बँकेत जाऊन सही करून आपले पैसे आपण काढतात.

आप्पासाहेबांनी कात्रजच्या बाजूला दुसरं स्वयंपाकघर काढलं, तेव्हा तिथल्या बारा बायकांवर देखरेखीला त्यांनी तुळजाबाईंनाच विचारलं. त्यांनी आधी नवी शेड पाहून येते म्हणून सांगितलं. पाहून आल्या, खिडक्या दोनऐवजी चार करून घेतल्या आणि मग हो म्हणाल्या.

गेल्या गुरुवारी मी त्यांच्या घरी गेलो तर दार उघडं, रंगराव एकटेच पोहे खात बसलेले.

"बाई कुठे आहेत?" मी विचारलं.

"तिची सुट्टी हाय आज," ते म्हणाले. "बायकांबरोबर गेलीय खडकवासल्याला. पंधरा-सोळा वर्षं तिथलं पाणी पितोय म्हणली, एकदा धरण तरी बघून येऊ." त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली. "बसा सर. पोहे मी केलेत, जरा खारट झालेत. जाताना सांगून गेली, आज जेवणाचं तुमचं तुम्ही बघा."

मी बसलो. पोहे खरोखरच खारट झाले होते. आम्ही दोघांनी ते संपवले.